कोंबड्यांचा शौक आणि हिशेबाची वही

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा मोटारींचा आणि यंत्रांचा म्हणून देशभर ओळखला जातो. लेथ, पॉवर प्रेस, फॅब्रिकेशन, वाइंडिंग, भंगार, टायर, गॅरेज अशा कामांत आमच्या समाजाचे कितीतरी हात गुंतलेले आहेत. परंतु याच पट्ट्यातील जुन्या गावठाणांत, चिखली, मोशी, कुरुळी, म्हाळुंगे, चाकण अशा ठिकाणी, मागल्या दारी एखादे खुराडे आजही दिसते आणि कामावरून परतलेला कारागीर हातपाय धुण्याआधी त्यात डोकावतो. हा शौक आहे. कोणी असील पाळतो, कोणी कडकनाथ, कोणी नुसतीच गावरान. या शौकातून चार पैसे मिळवता येतील काय, अशी विचारणा अलीकडे आमच्याकडे वारंवार होते. आमचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र यात विकायचे काय, याबद्दल बहुतेकांचा समज चुकीचा असतो आणि त्यामुळेच सुरू झालेली खुराडी वर्ष-दोन वर्षांत रिकामी होतात, असे आमचे मत आहे.

विचारणा वाढण्याचे कारण उघड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागात केलेल्या कारवाईत भंगाराची गोदामे, वर्कशॉप आणि पत्र्याच्या शेड हजारोंच्या संख्येने जमीनदोस्त झाल्या. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेची चर्चा या पानाचा विषय नाही. पण ज्याचा गाळा गेला त्याच्यापुढे रोजीचा प्रश्न उभा राहिला, आणि जोडधंद्याच्या जाहिराती नेमक्या अशाच वेळी दारात येतात. ‘पिल्ले आम्ही देतो, माल आम्हीच उचलतो’ हे वाक्य ज्याच्या कानावर पडले नाही असा गरजू माणूस सापडणे कठीण. त्याबद्दल पुढे लिहूच.

आधी साधा हिशेब मांडू. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला सुमारे ४० किलो. गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ८० अंडी देते. आपण ६० धरू. सगळे खाद्य बाजारातून विकत आणून घातले तर एका अंड्यामागे साडेसहाशे ग्रॅमहून अधिक खाद्य खर्ची पडले. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी जवळपास तेवढ्याच खाद्यावर वर्षाला ३०० हून अधिक अंडी देते. तिच्या एका अंड्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम खाद्य पुरते. गावरान अंड्याला भाव अधिक मिळतो हे खरे, परंतु तो पाचपट मिळत नाही आणि खाद्य मात्र जवळजवळ पाचपट लागते. मांसाची गतही तीच. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. गावरान कोंबडा दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो.

शिवाय स्पर्धा कोणाशी आहे हेही पाहावे. आपले पुणे म्हणजे देशातील कुक्कुट उद्योगाचे मोठे ठाणे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा कारभार पुण्यातून चालतो, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अंड्यांचे भाव जाहीर करते. या उद्योगाशी खाण्याच्या अंड्यात किंवा किलोच्या भावात टक्कर देण्याचा विचार वीस कोंबड्यांच्या मालकाने मनात आणू नये.

खेड्यात हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तिथे कोंबडी उकिरड्यावर, गोठ्यात, खळ्यावर फिरून आपले पोट स्वतःच भरते. मालक संध्याकाळी मूठभर दाणे टाकतो तेवढाच त्याचा खर्च. चिखलीच्या किंवा भोसरीच्या गल्लीत खळे नाही आणि उकिरडाही नाही. पिठाच्या गिरणीतले सांडलेले पीठ, मंडईतला पालेभाजीचा कचरा, घरातला उरलेला भात-भाकरी यांनी खर्च कमी होतो, संपत नाही. बुरशी आलेले धान्य ‘कोंबडीला चालते’ म्हणून घालणारे काही महाभाग असतात. ते चालत नाही. बुरशीच्या विषाने कोंबडीचे काळीज निकामी होते.

मग विकायचे काय? उबवणीची अंडी, पिल्ले आणि अंड्यावर येऊ घातलेली तलंग. खाण्याचे अंडे आणि उबवणीचे अंडे दिसायला एकसारखे असते. दुसऱ्याला जो जादा भाव मिळतो तो त्यामागच्या शब्दाचा असतो: हे अंडे फळलेले आहे, ताजे आहे, आणि यातून निघणारे पिल्लू मी सांगतो त्याच जातीचे असेल. लहान पाळणारा खरे म्हणजे ही खात्रीच विकत असतो. मोठ्या कंपनीला असील किंवा अस्सल गावरान पिल्लांत रस नाही. तिथे जागा मोकळी आहे. आणि नेमकी हीच जागा आम्ही आपल्या हातांनी खराब करीत आहोत.

स्पष्ट लिहायला हवे. आज बाजारात ‘गावरान’ या नावाखाली जे विकले जाते त्यातील बराच माल डीपी क्रॉस, रंगीत ब्रॉयलर किंवा लेअर जातीचे नर असा असतो. पिसे रंगीत असली की गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही. अंड्याचे कवच तपकिरी असले की ते गावरान, असाही एक समज पसरवला गेला आहे. कवचाचा रंग जातीवर ठरतो, पौष्टिकतेशी त्याचा संबंध नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबड्याही आहेत. दुकानातली ही लबाडी आता पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचली आहे. डीपी क्रॉसच्या पिल्लात आणि गावरान पिल्लात पहिल्या आठवड्यात फरक ओळखणे जाणत्यालाही जड जाते. त्याचा फायदा घेऊन मिसळ विकली जाते. सहा महिन्यांनी घेणाऱ्याला कळते, तोवर विकणारा फोन उचलत नाही. ओले धान्य ढिगाच्या खाली दडवणाऱ्या व्यापाऱ्याला रसूलुल्लाह (स.) यांनी काय सुनावले ते आमच्या वाचकांना माहीत आहे. डीपी क्रॉसचे पिल्लू गावरान म्हणून देणे हे त्याहून वेगळे कसे?

काही वेळा लबाडी नसते, अज्ञान असते. त्याची दोन उदाहरणे देण्यासारखी आहेत. पहिले कोंबड्याचे. कोंबडा बदलला की दुसऱ्या दिवसापासून नव्या कोंबड्याची अंडी मिळतात असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती अशी की कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन आठवडे आणि कधी त्याहूनही अधिक काळ टिकते. म्हणून कोंबडा बदलल्यावर पहिली तीन आठवड्यांची अंडी खाण्यासाठी काढावीत, त्या जातीची म्हणून कोणाला देऊ नयेत. गल्लीतला शेजाऱ्याचा कोंबडा एक दिवस कुंपणावरून आत आला, तरी नियम हाच. दुसरे उदाहरण सुधारित जातींचे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेले वनराजा आणि ग्रामप्रिया, किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली गिरिराजा हे परसातल्या पाळणीसाठी चांगले पक्षी आहेत. अंडी गावरानपेक्षा पुष्कळ जास्त देतात. पण ते संकर करून तयार केलेले आहेत. वनराजाची अंडी घरी उबवून निघालेली पिल्ले आईबापासारखी एकसारखी निघत नाहीत, त्यांची अंडी व वजन घसरत जाते. ती ‘वनराजा’ म्हणून विकणाऱ्याला आपण खोटे बोलतो आहोत याची कल्पनाही नसते. ज्याला हे पक्षी पाळायचे आहेत त्याने दर खेपेला मूळ ठिकाणाहून पिल्ले आणावीत. पुण्यात खडकीला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. आधी नोंदणी करून तिथे विचारणा करावी.

असीलबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आमच्या शौकिनांचा जीव त्याच्यावर आहे. पक्षी देखणा, हाडापेराने मजबूत, चालण्यात ऐट. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात एकोणिसाव्या शतकात आपल्याकडचे असील नेऊन तिथल्या पक्ष्यांशी संकर केला गेला. त्यातून ‘इंडियन गेम’ किंवा ‘कॉर्निश’ जात निघाली आणि आजच्या ब्रॉयलरची रुंद छाती त्या कॉर्निशकडून आली. म्हणजे चिकनच्या दुकानात लटकणाऱ्या प्रत्येक ब्रॉयलरच्या अंगात थोडे असीलचे रक्त आहे! परंतु असीलचा बाजार अजूनही झुंजीच्या भावावर चालतो हे कटू सत्य आहे. झुंज लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पैजेचा पैसा हराम आहे आणि जनावरे एकमेकांवर सोडण्याला हदीसमध्ये मनाई आहे. तिन्ही बाजूंनी बंद असलेल्या दारावर धंदा उभा करू नये. असील पाळायचा तर जात राखण्यासाठी पाळावा. एका कोंबड्याला पाच-सहा माद्या, गावरानात आठ-दहा, आणि दर पिढीला बाहेरचा नर. भाऊ-बहिणीची जोडी लावीत गेले की तिसऱ्या पिढीत अंडी फळत नाहीत आणि पिल्ले वाकड्या बोटांची निघू लागतात. नात्यागोत्यातल्या चार घरांनी नर अदलाबदल करावेत, यात कोणाचा पैसा जात नाही.

आता उबवणीकडे येऊ. इथे आमच्या कारागिरांच्या हाती असे भांडवल आहे जे खेड्यातल्या शेतकऱ्याकडे नाही.

गावरान आणि असील मादी खुडूक बसते आणि दहा-बारा अंडी २१ दिवसांत उत्तम फोडते. कडकनाथ क्वचितच बसते, लेअर जाती तर मुळीच नाहीत. शिवाय खुडूक बसलेली कोंबडी पिल्ले मोठी होईपर्यंत अंडी देत नाही. म्हणून मशीन. बाजारात मशीन विकत मिळते, पण ज्याच्या घरात पत्रा वाकवणारा, फ्रिज दुरुस्त करणारा किंवा वाइंडिंग करणारा माणूस आहे त्याने ते विकत का घ्यावे? बंद पडलेल्या फ्रिजचा सांगाडा म्हणजे तयार उबवणी पेटी आहे. भिंती उष्णता अडवतात, दाराला रबर आहे, जाळीचे कप्पे आहेत. जाणत्याकडून गॅस व कॉम्प्रेसर काढून घ्यावा, आत दोन बल्ब, एक जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, काहीशे रुपयांचा डिजिटल थर्मोस्टॅट आणि पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, वर-खाली हवेसाठी भोके पाडावीत. बल्ब एकाऐवजी दोन अशासाठी की एक उडाला तर रात्रभरात सगळा घाणा बसू नये. बल्ब जुन्या तारेचेच हवेत. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. अर्थिंग मात्र पक्के करावे. ओल आणि वीज एकाच पेटीत आहेत.

पंख्याच्या पेटीत तापमान साडेसदतीस अंश सेल्सिअस हवे. ओलावा पहिले १८ दिवस ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत. एका अंगाला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढला की घोटाळा होत नाही. फिरवणे विषम संख्येत असावे, म्हणजे रोज रात्री तीच बाजू वर राहत नाही. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीपुढे धरून अंडे पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठेवावे, स्वच्छ पारदर्शक दिसले तर काढावे. अठराव्या दिवसानंतर फिरवणे बंद आणि दार उघडणेही बंद. पिल्लाला कवचातून ओढून काढण्याचा मोह बहुतेक नवशिक्यांना होतो. तो आवरावा.

ही कला काही अमेरिकेतून आलेली नाही. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकाच वेळी उबवण्याची रीत प्राचीन काळापासून चालत आली. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी १२०० सालच्या सुमारास इजिप्तमध्ये ती पाहून बारकाईने लिहून ठेवली. या भट्ट्यांतील कामगारांकडे थर्मामीटर नव्हता; ते अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब जोखत आणि हा हुन्नर बापाकडून मुलाकडे जाई. आपल्याकडे थर्मामीटर आहे, तरी तो खरा दाखवतो की नाही हे कोणी तपासत नाही! स्वस्त थर्मोस्टॅट एखादा अंश चुकवतो. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर शेजारी ठेवून एकदा ताडून घ्यावा, कारण एका अंशाच्या फरकाने अर्धी पिल्ले जातात.

आमच्या पट्ट्याची एक खास अडचण म्हणजे गुरुवार. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी आणि विजेच्या दुरुस्तीची कामे त्याच दिवशी येतात, आणि वीज दोन तास जाईल की सहा तास याचा भरवसा नसतो. यावर घाबरण्याचे कारण नाही. अंडे थंडी काही तास सोसते, उष्णता सोसत नाही. वीज गेली की दार उघडून पाहत बसू नये. पेटीवर गोधडी टाकावी, हवेची भोके झाकू नयेत, फार वेळ लागला तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात. पिल्ले थोडी उशिरा निघतील. खरा धोका वीज परत आल्यावर थर्मोस्टॅट अडकून राहण्याचा आहे. म्हणून गुरुवारी संध्याकाळी कोणीतरी घरी असावे, एवढी सोय करून मगच अंडी घालावीत.

अंडी साठवण्यातही आमचे लोक चुकतात. सात दिवसांपेक्षा जुनी अंडी घालू नयेत, निमुळते टोक खाली ठेवावे, धुऊ नयेत, फ्रिजमध्ये ठेवू नयेत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेले अंडे मशीनमध्ये जाण्याआधीच आतल्या आत वाढू लागते आणि मरते. माठाशेजारी ओल्या वाळूवर टोपली ठेवणे हा जुना उपाय अजूनही चांगला.

पिल्ले निघाली की काम संपले असे नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करावी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहावे. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असली तर थंडी आहे, कडेला पळून चोच उघडी टाकत असली तर उकडते आहे. भुसा ओला राहिला की रक्ताची हगवण लागते. घूस, मांजर आणि मुंगूस यांच्यासाठी कोंबड्याच्या जाळीऐवजी बारीक वेल्डमेश लावावी. हे काम करणारे हात तर घरातच आहेत.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. उत्तराखंडातील राणीखेत येथे १९२० च्या दशकात हा रोग आढळला म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. तो आला की आठवड्यात खुराडे साफ. त्यावर औषध नाही, लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यानंतर टोचून. देवीची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात. औंधला शासनाची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे आणि तिथे लसी तयार होतात. म्हणजे जी लस आमच्या शहराला लागूनच बनते ती न मिळाल्यामुळे आमच्या गल्लीतल्या कोंबड्या मराव्यात, ही गोष्ट शोभणारी नाही. अडचण अशी की लसीची कुपी बहुधा १०० किंवा अधिक मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. पंधरा पिल्लांचा मालक म्हणतो, शंभरची कुपी कशाला फोडू? म्हणून तो लस देत नाही, आणि त्याच्या पंधरा पिल्लांपासून रोग शेजारच्या दीडशेंना लागतो. उपाय सोपा आहे. एका मोहल्ल्यातल्या सहा-सात घरांनी एक दिवस ठरवावा, कुपी बर्फावर आणावी, सगळ्यांची पिल्ले एकाच सकाळी उरकावीत. लग्नाच्या जेवणाला डेग मागून आणणाऱ्या समाजाला एवढे जमायला हरकत नाही.

लस न देता ‘पावडर’ देण्याची खोड मात्र सगळ्यांना आहे. पिल्लू शिंकले की मेडिकलमधून माणसांची अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकायची. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, या औषधांचे मोल आमच्या शहराइतके कोणाला कळायला हवे? कोलिस्टिन नावाचे औषध कुक्कुटपालनात वापरण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, कारण माणसाच्या जिवावर बेतल्यावर वापरायचे ते शेवटचे औषध आहे. विषाणूच्या रोगावर ही औषधे चालतच नाहीत. पैसा जातो आणि पिल्लूही जाते.

बर्ड फ्लूची आठवण ठेवावी. देशातील पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आमच्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला आणि लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात तो पुन्हा आला. अशा वेळी बाधित भागातील परसातल्या कोंबड्याही मारल्या जातात. शासन भरपाई देते ती मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. एकाएकी चार-पाच पक्षी मेले तर लपवून पुरण्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे हे म्हणूनच मालकाच्याही हिताचे आहे.

आता त्या ‘माल आम्हीच उचलतो’ या वाक्याकडे. कडकनाथचे मूळ मध्य प्रदेशातील झाबुआ भागात. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा बोलबाला झाला. त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरची महारयत ॲग्रो ही कंपनी शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन कडकनाथची पिल्ले देत होती आणि अंडी व पक्षी चढ्या भावाने परत घेण्याचा करार करीत होती. २०१९ साली खरेदी थांबली, कार्यालये बंद पडली, गुन्हे नोंदले गेले आणि राज्यभरातले शेतकरी काळ्या कोंबड्या घेऊन बसले. त्याआधी २०१२ मध्ये तामिळनाडूत इमूच्या नावाने हेच घडले होते. दोन्हीकडे पक्षी खरा होता. खोटे होते ते गिऱ्हाईक. कंपनीने घेतलेली अंडी उबवून तीच पिल्ले पुढच्या शेतकऱ्याला विकायची, आणि नवा शेतकरी मिळेनासा झाला की खेळ खलास. पाळणाऱ्याने एकच प्रश्न विचारावा: हा पक्षी शेवटी खाणार कोण, आणि तो आज कोणत्या दुकानात कोणत्या भावाने विकला जातो? उत्तर ‘कंपनी घेईल’ असे आले तर उठून यावे, मग समोरचा माणूस आपल्याच बिरादरीचा का असेना. बिरादरीचा असेल तर अधिकच सावध राहावे असे आमचे मत, कारण अशा योजना ओळखीच्या माणसांमार्फतच घरात शिरतात.

खरे गिऱ्हाईक जवळच आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांची चिकनची दुकाने आहेत. त्यांनी पाटीवर ‘गावरान’ आणि ‘डीपी क्रॉस’ असे दोन वेगळे भाव लिहिण्याचे धाडस करावे. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुर करील. पण ज्या दुकानात दोन भाव लिहिलेले आहेत तिथला गावरान खरा, हे महिन्याभरात त्यालाच कळेल, आणि पाळणाऱ्याच्या वाढलेल्या नरांना योग्य भाव मिळेल. मशीनमधून निघणाऱ्या पिल्लांत निम्मे नरच असतात, हे हिशेब करताना हटकून विसरले जाते.

वहीचे महत्त्व इथे आहे. अंडी कोणत्या तारखेला, कोणत्या कोंबड्याखालची, किती घातली; सातव्या दिवशी किती काढली; किती फुटली; किती महिन्याची झाली; कोणाला दिली. समजा ६० अंडी घातली, १० कोरी निघाली, ५० पैकी ३८ फुटली आणि ३२ महिन्याची झाली, तर विकायला ३२ आहेत, ६० नाहीत. आणि एका पिल्लाचा खर्च ६० अंडी, २१ दिवसांची वीज व महिन्याचे खाद्य यांना ३२ ने भागून निघतो. कोरी अंडी जास्त निघाली तर दोष कोंबड्यात किंवा साठवणीत. शेवटच्या तीन दिवसांत कवचातच मेली तर बहुधा मशीनच्या तापमानात किंवा ओलाव्यात. वहीशिवाय हे कळत नाही आणि माणूस नशिबाला बोल लावत बसतो. घेणाऱ्याला ही वही उघडून दाखवता आली की त्याच्याशी भावावरून घासाघीस करावी लागत नाही.

ही वही घरातल्या बाईच्या हाती असावी. कोंबड्यांचा पैसा आपल्याकडे पूर्वापार बायकांचा. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, माहेरी जाण्याचे भाडे त्यातून निघे. मशीन आले, भाव वाढला की हा धंदा ‘मोठा’ होतो आणि पैसा गुपचूप पुरुषाच्या खिशात जातो; दाणा-पाणी, झाडलोट आणि दिवसातून तीन वेळा अंडी फिरवणे मात्र तिच्याकडेच राहते. पहिली पाळी सात वाजता सुरू होते, तेव्हा मशीनशेजारी कोण असते? तेव्हा कमाई कोणाची हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. तिसऱ्या पाळीवरून सकाळी येऊन झोपलेल्या कामगाराच्या खिडकीखाली तीन कोंबडे बांग देत असतील तर तक्रार येणारच. ज्यांच्याकडे जागा तोकडी आहे किंवा जे सोसायटीत राहतात त्यांनी पक्षी पाळूच नयेत. गावाकडच्या नातेवाइकाकडे कोंबड्या ठेवून इथे फक्त मशीन चालवता येते. उबवणी पेटीला आवाज नाही आणि वास नाही. तयार पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस काढते, तेवढ्यात ते चाकणहून जुन्नरला किंवा मंचरला सहज पोहोचते.

नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला घाणा दिवाळीनंतर घालावा. वीसच्या वर अंडी घालू नयेत, आणि शक्य झाल्यास त्याच दिवशी दहा अंडी एखाद्या खुडूक कोंबडीखालीही ठेवावीत. एकविसाव्या दिवशी दोन्हींची तुलना केली की आपल्या मशीनची लायकी कळते. कोंबडीने नऊ फोडली आणि मशीनने वीसपैकी आठ, तर दुसरा घाणा घालण्याआधी थर्मोस्टॅट तपासायचा. मार्चपर्यंत चार घाणे आरामात होतात. एप्रिल-मेमध्ये मशीन बंद ठेवून ट्रे उन्हात टाकावेत, पंखा बदलावा आणि वायरिंग नव्याने करून घ्यावे.